हातावरचं दही

आमच्या चुलत सासऱ्यांइतका बसणारा माणूस कर्जत-खालापूरकडे त्यांच्याआधी कोणी झाला नसेल आणि पुढेही होणार नाही. ते आळशी होते म्हणून हे म्हणत नाही. पहाटे उठून शेतातली कामं उरकायची, बैलांना पाणी दाखवायचं, आंघोळ करायची आणि नऊच्या सुमाराला मोकळं व्हायचं, हा त्यांचा नेम होता. तिथून पुढे मात्र ते ज्या घरी टेकायचे त्या घरचेच होऊन जायचे. मागायचे काही नाहीत, कोणाची निंदा नाही, तंबाखूसुद्धा स्वतःची. भिंतीला पाठ लावून, डावा पाय दुमडून, उजवा गुडघा उभा करून नुसते बसायचे. मधूनमधून "उठतो आता" म्हणायचे. ते अगदी मनापासून म्हणायचे, पण त्या बोलण्याची आणि त्यांच्या पायांची गाठ कधी पडत नसे. आळीतल्या बायकांना त्याचा घड्याळासारखा उपयोग होई. पहिल्या "उठतो आता"ला भात वैरायचा, दुसऱ्याला भांडी घासायला घ्यायची, तिसऱ्याला दिव्याच्या वाती वळायच्या. आमची ओटी सारवायच्या दिवशी ते बसलेले असले तर मी त्यांच्या भोवतीने सारवत जायची. मी सून आणि ते सासरे. "जरा उठा" म्हणायची माझी छाती नव्हती, आणि मुळात मी कोणाशी फार बोलणारी नाही. ते गेल्यावर ओटीवर एक कोरडं ठिगळ उरायचं. सासूबाई ते बघून म्हणायच्या, "भावजींची गादी तशीच ऱ्हाऊ दे गं. उद्या परत येतील."

एकदा आळीतल्या एका मुलासाठी मुलगी बघायला त्यांना लोधिवलीला पाठवलं होतं. सकाळी जाऊन दुपारी परत यायचं, एवढंच काम. ते पाच दिवसांनी आले. चौथ्या दिवशी त्याच घरी दुसरीकडची माणसं येऊन मुलगी पसंत करून गेली, पाचव्या दिवशी साखरपुडा झाला, आणि त्या साखरपुड्याचे पेढे पंच्याच्या गाठीत बांधून आमचे सासरे घरी परतले. मुलाचा बाप चिडून म्हणाला, "आवो, मंग माज्या पोराचं काय?" सासरे शांतपणे म्हणाले, "पोरगी चांगली हाय. मी सोता पाच दिस बघितली."

अशा माणसाला उठवायचं औषध सासूबाईंना एकदा अचानक सापडलं. त्या दिवशी आमच्या घरचे जमिनीच्या कामासाठी खालापूरच्या कचेरीत निघाले होते. सासूबाई दह्याची वाटी घेऊन ओटीवर आल्या, मुलाच्या हातावर दही घातलं. शेजारी सासरे विळ्याला धार लावून घ्यायच्या निमित्ताने दोन तास बसले होते. त्यांनीही सवयीने हात पुढे केला आणि सासूबाईंनी आपल्याच नादात त्यांच्याही हातावर चमचाभर घातलं. त्यांनी दही चाटलं, हात पंच्याला पुसला, टोपी घातली आणि ते उठले. आम्ही बघतच राहिलो. ते पायऱ्या उतरले आणि आमच्या घरच्यांच्या मागोमाग थेट खालापूरपर्यंत चालत गेले. दिवसभर कचेरीच्या आवारात उभे होते म्हणे. तिथे त्यांचं काहीच काम नव्हतं. "तुमी कशाला आलात, काका?" असं विचारलं तर म्हणाले, "आये सांगून गेली हाय. हातावर दही पडलं की बसायचं नाय आनि मागं वळून बघायचं नाय. मी काय करू?"

त्यानंतर हे औषध सासूबाईंनी फार जपून वापरलं. पाच-सहा वर्षांत चार वेळा, तेही घरात कोणी आजारी असलं तर किंवा पाहुणे येणार असले तर. मला आणि माझ्या चुलत जावेला, म्हणजे त्या सासऱ्यांच्या सुनेला, सुंदराला, त्यांनी देवासमोर उभं करून सांगितलं होतं, "ही गोष्ट भायेर गेली तर लोक त्यांना रोज दही चारतील आनि गावभर पळवतील. मानसाची थट्टा करायची नाय. कुनाला बोलायचं नाय." आम्ही दोघींनी मान हलवली.

सुंदराचा नवरा लढाईच्या दिवसांत बोटीच्या दुरुस्तीच्या कामावर आफ्रिकेत मोंबाशाला गेला आणि तिथेच राहिला. सुंदरा तेव्हा नवी नवरी होती. चार वर्षं झाली तरी तिला नेता येत नव्हतं, कारण तिथे जायला परवानगीचा कागद लागायचा आणि तो काही निघत नव्हता. एकदाचा तो निघायचा रंग दिसू लागला तेव्हा सासरे अडून बसले. मुलगी देण्याआधी घर बघतात, तसं सून पाठवण्याआधी जागा बघायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं. "सवता जाऊन बघितल्याबिगर माजी सून दर्याच्या पार धाडनार नाय." शेवटी मुलाने तिथे खटपट करून बापासाठी तीन महिन्यांचा पाहुण्याचा पास मिळवला. पासावर सही करणाऱ्या साहेबाने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, तुझा बाप तारखेच्या आत परत गेला तर तुझ्या बायकोचा कागद मी हातात घेईन. ज्यांची माणसं इथे पाहुणी म्हणून येतात आणि मुदत उलटली तरी राहतात, त्यांचे कागद मी तळाशी घालतो.

हे पत्र मीच वाचून दाखवलं. मी चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे आळीतली पत्रं माझ्याकडे यायची. वेळेवर उठायची अट, आणि ती कोणाला घातली होती ते सगळ्यांना माहीत होतं. सुंदरा म्हणाली, "जाऊबाय, माजं नशीब मामंजींच्या मांडीखाली अडकलंय बगा."

पासपोर्टासाठी त्यांचा फोटो काढायला कर्जतला नेलं होतं. फोटोवाला खूश झाला. इतकं न हलता बसणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. फोटो निघाला आणि सासरे तिथेच बसले. दुपारनंतर एक कुटुंब फोटो काढून गेलं, त्यांच्या फोटोत उजव्या कडेला कोणाचा तरी एक उभा गुडघा आला आहे. ते लोक आमच्या ओळखीचे निघाले म्हणून कळलं.

निघायच्या दिवशी बैलगाडी दारात जुंपून उभी होती, कर्जतला गाडी गाठायची होती, आणि सासरे आपल्याच घराच्या ओटीवर बसून "उठतो आता" म्हणत होते. तीनदा म्हणून झालं. मग सासूबाई दही घेऊन गेल्या. ते उठले, गाडीत बसले आणि मागे न बघता आफ्रिकेला गेले.

तिकडून मुलाच्या हातची पत्रं येत. जागा पसंत पडली होती. दोन खोल्या, मागे आंब्याचं झाड, शेजारी गुजराती कुटुंब, पाण्याचा नळ जवळ. पुढच्या बाजूला जाळी विणणारा एक तिथलाच म्हातारा राहत असे. त्याला मराठी येत नव्हती आणि ह्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघांचं फार जमलं. सकाळी त्याने चटई टाकायची आणि ह्यांनी गुडघा उभा करायचा. एका पत्रात सासऱ्यांनी मुद्दाम लिहवून घेतलं होतं, "इथली मानसं चांगली हायत. कुनी ऊठ म्हनत नाय."

दोन महिन्यांनी आमच्या घरच्यांच्या नावाने विमानाचं निळं पत्र आलं. त्या आठवड्याच्या बोटीने त्यांनी परत निघायचं ठरलं होतं, तिकीट झालं होतं, ट्रंक बंदरावर पोचली होती. सकाळी ते जाळीवाल्या म्हाताऱ्याचा निरोप घ्यायला म्हणून समोर गेले. बोट दुपारी सुटली, ट्रंक घेऊन गेली, आणि सासरे चटईवर राहिले. मुलाने लिहिलं होतं, मुदत संपायच्या आधी आता एकच बोट आहे. तिच्यानंतर महिनाभर बोट नाही. मी कामावर असतो, त्यांना कसं उठवावं ते मला कळत नाही. ही बोट चुकली तर सुंदराला सांग, माझी आशा धरू नकोस.

सुंदराने पत्राची घडी घातली, कनवटीला लावली आणि ती भात कांडायला गेली. तिच्या मुसळाचा आवाज त्या दिवशी सबंध आळीला ऐकू येत होता. ओटीवर जमलेल्या माणसांपैकी एकाने सुचवलं, "तार करा. म्हनावं घराला आग लागली." सासूबाई म्हणाल्या, "चांगल्या घराला आग लावू नगंस रं. आनि लागली म्हनून ते उठतील असं तुला वाटतं?"

दुसऱ्या दिवशी सुंदरा माझ्याकडे उत्तर लिहवून घ्यायला आली. नवऱ्याला काय सांगावं ते तिला सुचत नव्हतं. "आमी खुशाल हाय, तुमी खुशाल ऱ्हावा, म्हैस गाभन हाय, एवढंच लिवा," असं म्हणून ती उठून गेली. मी तेवढं लिहिलं. कागदाला खाली थोडी जागा उरली होती. तोंडाने बोलायचं नाही अशी शपथ होती, लिहायचं नाही असं सासूबाई म्हणाल्या नव्हत्या. पण हे मी मनाचं समाधान करून घेत होते, ते मलाही कळत होतं. दिराला मी स्वतःहून कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तरी लिहिलं. "शेजारच्या गुजराती बाईंकडून विरजण घ्यावे. निघायच्या वेळी मामंजींच्या उजव्या हातावर चमचाभर दही घालावे. दुसरे काही बोलू नये." पाकीट चिकटवलं आणि पोस्टात धाडलं.

पुढे पत्र आलंच नाही. मुदत संपायला दोन दिवस उरले असतील तेव्हा सासरेच आले. कर्जतहून कोणाच्या तरी गाडीने आले आणि आधी आमच्या ओटीवर येऊन बसले. गुडघा उभा केला. पाणी प्याले. मी दाराच्या आत होते, सुंदरा माझ्या मागे.

"वैनी," ते सासूबाईंना म्हणाले, "तिकडं पन दही भेटतं बरं का."

सासूबाईंनी दाराकडे एकदा बघितलं. मी खाली बघितलं.

"कुनी कळवलं ते मी इचारत नाय. पोरगा बोलला, अक्षर चांगलं गोल हाय." मग म्हणाले, "मला काय कळत नाय व्हय गं, वैनी? जा म्हनायला मानसाला जड जातं, म्हनून तुमी दही ठेवता. मी वळखून उठतो."

सासूबाई पदराने उगाच ओटी झाडू लागल्या. सासरे तंबाखू मळत होते. "पोराच्या हाताला सवय नाय. निम्मं दही भुईवर पडलं. मी उठलो नि चालू लागलो. बोटीवर चढलो. तो धक्क्यावर हुता. बोट हालली तवा मला हाका मारत हुता." चिमूट तोंडात टाकून ते म्हणाले, "पन दही घेतल्यालं. बघितलं नाय मी."

साहेबाने शब्द पाळला. पाच महिन्यांनी सुंदराचा कागद आला, आणि गावातलं एक माणूसही तिच्या सोबतीला निघालं. दारात बैलगाडी उभी राहिली. सासूबाई दह्याची वाटी घेऊन आल्या तेव्हा सासऱ्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि सुनेच्या हातावर स्वतः दही घातलं. सुंदराचे डोळे वाहत होते आणि ती हसतही होती. इतक्या वर्षांत मी तिला तशी बघितली नव्हती. ती माझ्या गळ्यात पडली, दही माझ्या लुगड्याला लागलं.

सासरे म्हणाले, "सूनबाय, तू वळून बघ."

"नको, मामंजी. तुमच्या आयेचा नेम मोडंल."

"मी सांगतो ना. वळून बघ. घर नीट बघून ठेव."

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती मागे बघत होती. सासरे रस्त्यात उभे होते. त्यांना इतका वेळ उभं राहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मुलगा पुढे काही आला नाही. दर वेळी येतो येतो म्हणून लिही. सुंदराला तिकडे दोन मुलं झाली, ती पत्रंही मीच सासऱ्यांना वाचून दाखवली, दाराच्या आतून. सुंदरा गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ते नेहमीसारखे नऊच्या सुमाराला आले. कोपऱ्यात दह्याचं मडकं होतं ते मी उचलून आत फडताळात ठेवलं. तासाभराने ते "उठतो आता" म्हणाले आणि मग, कोणी दही न घालता, भिंतीला हात टेकून खरोखरच उठले. पंचा खांद्यावर टाकला. त्यांच्या घरी आता चूल पेटवायलाही कोणी नव्हतं. सासूबाई विहिरीवर गेल्या होत्या. ओटीवर ते आणि दाराआड मी, एवढेच होतो.

"बसा, मामंजी," मी म्हणाले.

त्यांनी दाराकडे बघितलं. माझा आवाज त्यांनी पत्र वाचण्यापलीकडे कधी ऐकला नव्हता. "बरं," म्हणाले, आणि बसले.

त्या दिवशी ओटी सारवायची होती. मी त्यांच्या भोवतीने सारवली.