इंजिनाचा पिवळा दिवा

कवितेत मी वाऱ्यालाही बोलायला लावते. पण प्रत्यक्षात वाऱ्याने माझ्याशी काही बोलावे, अशी अपेक्षा मी कधी केली नाही. संकेत, कौल, चाहूल – कशावरच माझा विश्वास नव्हता. म्हणून जे घडले, ते घडले तसेच लिहिते आहे.

गेल्या मार्गशीर्षाच्या अखेरीची गोष्ट. माझी धाकटी बहीण मीनल ठाण्यापलीकडच्या दिवा गावात राहते. दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात तिचे बाळ पोटातच गेले होते. आता ती पुन्हा गरोदर होती, नववा लागला होता, आणि बाळंतपणासाठी तिला ठाण्यात वर्तकनगरला माहेरी आणायला मी माझी जुनी गाडी घेऊन गेले. आईने फोनवर बजावले होते – अमावास्या साडेअकराला संपते, त्याआधी उंबरा ओलांडायचा नाही. मीनलला सकाळपासूनच कळा येत होत्या. तिथी संपेपर्यंत ती ओठ मिटून बसून राहिली... हे मला गाडी रस्त्याला लागल्यावर कळले.

मी चिडले. शिकलीसवरलेली ना तू, म्हणाले.

"मागच्या वेळी आईचं ऐकलं नव्हतं गं, ताई."

मी गाडीचा वेग वाढवला.

दिवा-शीळ रस्त्यावर धूळ, डिझेलचा कडवट वास आणि मीनलचा तुटक श्वास. ठाण्यातले तिचे हॉस्पिटल गाठायचे, एवढेच डोक्यात होते. एका जुन्या आगरी वस्तीपाशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा दिवा लागला – चेक इंजिनचा. ओल्या हळदीसारखा पिवळा, आणि लुकलुकणारा. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंनी घोकून घेतले होते : हा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठा, लुकलुकला तर लगेच गाडी कडेला, इंजिन बंद. पण गाडीच्या आवाजात कुठे खरखर नव्हती, आणि मला थांबायचे नव्हते. मीनलनेच माझे मनगट धरले.

"ताई, ते लुकलुकतंय. थांब ना."

मी थांबले. समोरच्या ओट्यावर एक वयस्क बाई जवळा वाळत घालत होत्या. त्यांनी काचेतून मीनलकडे पाहिले आणि पदराला हात पुसत त्या थेट तिच्या दाराशी आल्या.

"आत चल गो बाय. ठाना लांब हाय, पोर जवल हाय."

उभे आयुष्य त्यांनी प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काढले होते. मी बोलावलेली ॲम्ब्युलन्स पोचायच्या आतच बाळ आले – गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे घेऊन. त्यांच्या बोटांनी ते अलगद सोडवले. मग शांतता... जवळ्याचा खारट वास, तापत्या पाण्याची वाफ... आणि रडणे. इतका सुंदर आवाज मी आजवर कुठल्याही ओळीत ऐकलेला नाही.

पुढे बायपासवर कोंडीत अडकून कंटेनर जागच्या जागी उभे होते, असे ॲम्ब्युलन्सच्या चालकाने नंतर सांगितले.

चौथ्या दिवशी गाडी आमच्या मेकॅनिककडे नेली. त्याने स्कॅनर लावला. बिघाडाची एकही नोंद नव्हती. दिवा लुकलुकला असता तर नोंद राहायला हवी, तो म्हणाला. मग त्याने इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. सगळे दिवे लागले... तो एक सोडून. चावी फिरवली की हाही लागायला हवा, इंजिन सुरू झाल्यावर विझतो, तुम्ही कधी बघितलंच नाही का मॅडम, असे त्याने विचारले. मी कधी पाहिले नव्हते. त्याने मीटर उघडून इवलासा बल्ब काढला. काळाठिक्कर.

"हा आजचा गेलेला नाही. कधीच मेलाय."

उन्हाची तिरीप असेल, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण तिरीप इंजिनाच्या आकाराची नसते. आईकडे मात्र तिचे उत्तर तयार होते – अमावास्या संपल्यावर निघालात ना, म्हणून!

नवा बल्ब बसवून घेतला आणि जुना मागून आणला. मीनलने तो खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मांडीवर लेक जागी होती. मीनल माझ्याऐवजी तिलाच म्हणाली,

"मावशीला सांग, तो दिवा मी आणि तिने, दोघींनी पाहिला होता."

याहून अधिक मलाही सांगता येत नाही.