फिल्मची पेटी

आमच्या घरात विष होतं. उंदरांसाठी आणतात तसलं नव्हे, यांच्या धंद्याचं. हे म्हणजे माझे यजमान. कल्याणात त्यांचा फोटो काढण्याचा धंदा होता. परसात एक अंधारी खोली बांधून घेतली होती. तिथल्या फळीवर काचेच्या बुचाची एक बाटली असे आणि तिच्यात पांढरे खडे. खडीसाखरेच्या शेजारी ठेवले असते तर मोठ्या माणसालाही फरक कळला नसता. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती आणि सापडेल ते तोंडात घालत होती.

मी मुलींच्या शाळेत मराठी तिसरीपर्यंत शिकले. बाटलीवरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. लग्न होऊन आल्यावर यांनीच ती मला दाखवली आणि म्हणाले, "बाकी कशालाही हात लावलास तरी चालेल, याला नाही. वाटाण्याएवढा खडा पोटात गेला तर वैद्य उंबऱ्यात येईपर्यंत सगळं आटोपलेलं असेल."

"मग घरात कशाला ठेवायचं?"

"त्याच्याशिवाय तसबीर उजळत नाही."

तेव्हाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॅमेरा म्हणजे तिपाईवर उभी केलेली लाकडाची मोठी पेटी. प्रत्येक फोटोला एक काच घ्यायची, तिच्यावर चिकट औषध ओतायचं, मग ती चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच पेटीत घालायची. फोटो घेतला की काच सुकायच्या आत अंधारात धावायचं आणि ती धुवायची. गावाबाहेर काम निघालं तर बैलगाडीत काळा तंबूही न्यावा लागे, कारण अंधार सोबत हवा. शेवटची धुणी विषाच्या पाण्याची. त्या पाण्यात काचेवरचा दुधासारखा पडदा विरायचा आणि आतला माणूस दिसायला लागायचा. बघणाऱ्यांना मोठी मजा वाटे. मी मात्र ते पाणी नंतर कुठे ओतलं जातंय ते बघत असे. परसाच्या टोकाला खड्डा होता आणि विहीर दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर मला कधीच पुरेसं वाटलं नाही.

मूल रडलं की बायका वैतागतात. मला उलट बरं वाटायचं. मुलगी गप्प झाली की मी हातातलं टाकून परसाकडे धावायचे. हट्ट करून मी त्या फळीला दार आणि कुलूप करून घेतलं. किल्ली हे कुलपातच विसरायचे. मी ती काढून आणून देई, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कुलपातच.

त्यात आणखी एक होतं. चांदीचं पाणी लागलं की बोटं काळी पडत. साबणाने, राखेने, लिंबाने, कशानेच तो डाग जात नसे. पण विषाचा खडा भिजवून बोटांवर घासला की जाई. सगळे फोटोवाले असंच करतात, असं हे म्हणत. ते सगळे फोटोवाले जिवंत आहेत का, हे मी विचारलं नाही. सासूबाईंसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, आणि सासूबाई सदा समोरच असत.

वैशाखात सासऱ्यांचं श्राद्ध आलं. भटजी पाटावर बसले, यांच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "यजमान, कोळशाची वखार काढलीत की काय?"

सासूबाईंना ते लागलं. "त्या हातांनी बापाला पिंड देणार आहेस? जा, घासून ये."

"आई, जातील हळूहळू."

"श्राद्ध आज आहे. हळूहळू काय?"

हे परसात गेले. मी सोवळ्यात वडे तळत होते. आदल्या दिवशी काच कापताना यांच्या अंगठ्याच्या बुडाशी चांगलं खोल चिरलं होतं, हळद मीच लावली होती. ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा बाहेर तांब्या पडल्याचा आवाज झाला होता.

अंधाऱ्या खोलीच्या दारात हे भिंतीला टेकून बसले होते. तोंड उघडं, श्वास ओढून ओढून घेत होते. डोळे माझ्याकडे होते, पण ते मला बघत नव्हते. बोटं स्वच्छ झाली होती. मुठीत खडा होता आणि चिरेतून ताजं रक्त येत होतं.

"अहो!" मी ओरडले. भटजींसमोर, सासूबाईंसमोर. खडा काडीने उडवला आणि घागर उचलून त्यांच्या हातावर ओतली, मग दुसरी ओतली.

मागून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, सोवळं!" मग त्यांनी मुलाचं तोंड पाहिलं. त्या तिथेच चिखलात बसल्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. यांचा एक श्वास गेला की दुसरा येतो की नाही, एवढंच आम्ही दोघी बघत होतो. इतकं जवळ आम्ही त्याआधी कधी बसलो नव्हतो.

हळूहळू श्वास नीट झाला. हे म्हणाले, "डोकं दुखतंय." भटजी खोळंबले होते. दुपार कलल्यावर श्राद्ध झालं आणि पिंड स्वच्छ बोटांनी दिले गेले.

त्याच सुमारास रेल्वेचा एक साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला होता आणि सामान विकत होता. त्याला फोटोंचा नाद होता, त्यामुळे यांची ओळख. त्याच्याकडे दोन कॅमेरे होते. हे बघून आले आणि जेवताना सासूबाईंना सांगायला लागले, म्हणजे खरं तर मला.

"एकात तयार काचा घालायच्या. औषध आधीच लावून सुकवलेलं असतं. चांदीचं पाणी नको, तंबू नको. दुसऱ्यात काचच नाही. कचकड्याची लांब पट्टी असते, रिळावर गुंडाळलेली. फिल्म म्हणतात तिला. एक फोटो झाला की किल्ली फिरवायची की दुसऱ्याची तयारी. पेटी एवढीशी, काखेत मावते."

मी वाढता वाढता सासूबाईंना म्हटलं, "आणि विष?"

"ती विचारते, विषाचं काय?"

"तिला सांग, दोन्हींना धुवायला विषाऐवजी दुसरंच मीठ लागतं. त्याने कोणी मरत नाही."

"मग त्यांना विचारा, कुठला आणणार?"

"मी इथेच बसलोय," हे म्हणाले, "मला ऐकू येतं."

"तुला कुठे विचारलं तिने?" सासूबाई म्हणाल्या.

यांच्या मनात काचेचा होता. काच हातात धरून बघता येते. फोटो मोठा येतो, सबंध वऱ्हाड मावतं. फिल्मचा फोटो तळहाताएवढा, त्याला कोण विचारणार? आणि मग ते सहज बोलून गेले, "शिवाय तयार काचा बोटीने येतात. कधी वेळेवर आल्याच नाहीत, तर आपली काच जुन्या रीतीने तयार करून त्याच पेटीत घालता येईल. काम अडणार नाही."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "म्हणजे बाटली राहणार," मी सासूबाईंना म्हटलं. "त्यांना विचारा, बाटली राहणार ना?"

हे म्हणाले, "अडीअडचणीला असावी."

सासूबाईंनी ताटावरून हात उचलला. "लहान पेटी आण. आधी बघू तरी."

साहेबाने बघायला म्हणून फिल्मचा कॅमेरा दिला, आत एक रीळ घालून. पहिला फोटो कुणाचा, तर सासूबाई म्हणाल्या, "माझा." आम्ही बघतच राहिलो. मुलगा एवढा फोटोवाला, पण त्या कधी पेटीसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. प्रत्येक तसबिरीत माणसाचं थोडं आयुष्य जातं, असं त्यांना खरंच वाटे. कुणी हसलं तरी त्या ते सोडत नसत.

"तुझी काय खात्री आहे या पेटीची?" त्या यांना म्हणाल्या. "काय व्हायचं ते मला होऊ दे. लेकराला आधी बसवू नकोस हिच्यासमोर."

त्यांच्यानंतर मग मी बसले, मुलगी बसली, शेजारच्यांची गायही झाली.

हे फिल्म धुवायला आत गेले. मग मला हाक आली. थाळीतल्या पाण्यात पट्टी होती, पण कोरी. वरचा मऊ थर तिच्यावरून सुटला होता आणि पाण्यावर सायीसारखा तरंगत होता. त्यात सासूबाईंचा चेहरा होता, आखडलेला, एक डोळा खाली ओघळलेला. मी शकुन-अपशकुन फारसे मानत नाही, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"पाणी कोमट आहे," हे म्हणाले. "विलायतेच्या थंडीत ठीक असेल. आपल्याकडे वैशाखात गार पाणी कुठून आणायचं? मोठी पेटीच बरी." आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली. फळीचं दार उघडल्याचा आवाज मी पाठमोरी असतानाही ओळखला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या एका वकिलांच्या घरचं काम होतं. त्यासाठी ते बाटली काढून ठेवत होते.

बाहेर आलो तर सासूबाई वाट बघत होत्या. "झाली का माझी?"

हे हळूच मला म्हणाले, "तिला सांगू नकोस." आणि मोठ्याने, "आई, अजून ओली आहे."

मला ते जमलं नाही. खोटं बोलून बाटलीची सोय मी का करून देऊ? मी म्हटलं, "वितळली, सासूबाई. कोमट पाण्यात सुटून आली. चेहरा वाहून गेला."

त्यांनी गालाला हात लावला, दुसऱ्या गालाला लावला. ओठ पांढरे पडले होते. मग अंधाऱ्या खोलीच्या दारातून त्यांना आतली फळी दिसली, आणि खाली काढून ठेवलेली बाटली.

"माझी तसबीर परत काढ," त्या म्हणाल्या.

"आई, तुला भीती वाटते ना?"

"वाटते. हिलाही वाटते. तुलाच तेवढी वाटत नाही, म्हणून हे सगळं चाललंय."

वकिलांकडे दोन दिवसांनी येतो म्हणून निरोप गेला.

साहेबाकडून दुसरं रीळ आणलं. त्याच्यासोबतचा कागद यांनी या वेळी नीट वाचला. त्यात लिहिलं होतं की उष्ण मुलखात पाणी गार ठेवा आणि धुताना तुरटीचं पाणी वापरा. त्याने थर घट्ट धरतो. कुंभाराकडून नवे माठ आणून रात्रभर ओट्यावर वाऱ्याला ठेवले. सासूबाई पुन्हा बसल्या. पहिल्या वेळी नुसत्या ताठ होत्या, या वेळी खुर्चीचे हात गच्च धरले होते आणि तोंडाने रामाचं नाव चालू होतं. हे म्हणाले, "आई, ओठ हलवू नकोस." "मग मनात घेते," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. "डोळे उघड." असं तीन वेळा झालं.

पहाटे फिल्म धुतली. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या होतो, मुलगी माझ्या कडेवर. सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मी तेव्हा देवाकडे काही मागितलं नाही. थर टिकला नाही तर बाटली कुठे पळवायची, याचाच विचार करत होते.

हे बाहेर आले, ओली पट्टी दोन हातांत धरून. उजेडाकडे धरली. थर जागच्या जागी होता.

सासूबाई जवळ गेल्या. "अगंबाई, ही कोण काळी?"

"तूच. आता सगळं उलटं दिसतं. कागदावर उतरल्यावर गोरी होशील."

"मग माझ्या लग्नाआधी काढायचा होतास," त्या म्हणाल्या, आणि मटकन ओट्यावर बसल्या.

फिल्मचा कॅमेरा आला. मोठे ग्रुप हातचे गेले, वकिलांचं कामही गेलं. लोक तळहाताएवढा फोटो बघून नाकं मुरडत. हे पुष्कळ दिवस घुश्शात होते, असू देत म्हटलं. आता बाटलीचा प्रश्न होता. मी सासूबाईंसमोर सरळ यांनाच विचारलं, "ती कुठे टाकणार?" सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाती वळत राहिल्या.

"पुरतो कुठेतरी."

"विहिरीचा झरा कुठून येतो ते माहीत आहे तुम्हाला?"

"खाडीत टाकतो."

"कोळी तिथेच जाळी टाकतात."

जिथे टाकावं म्हटलं तिथे कुणाची तरी गुरं, कुणाचं तरी पाणी. शेवटी हे म्हणाले, ठाण्याला एक सोनार आहे, सोन्याचा मुलामा देतो, त्याला त्याच्या कामात हेच लागतं. बाटली चिंध्यांत गुंडाळून, डब्यात घालून ते गाडीने गेले. गाडीत धक्का लागला, डबा उघडला, कुणी खाऊचा म्हणून हात घातला, असलं काहीबाही दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर येत राहिलं. दिवे लागायच्या आत ते परत आले. हात रिकामे होते.

"दिली?"

"दिली. त्याने फार आनंदाने घेतली."

"काय आहे ते सांगितलंत ना?"

"तो माझ्याआधीपासून वापरतोय."

मी पाय धुवायला पाणी दिलं. "त्याच्या घरात लहान मूल आहे का?"

हे पाय धूत राहिले. "आहेत," ते म्हणाले. "दोन."

मी आत जाऊन पानं घेतली.