इंजनाच्या नळाचं पाणी

सोलापूर सोडलं त्या दिवशी स्टेशनकडं जाताना आबांनी टांगा मध्येच थांबवायला लावला. गाडीची वेळ होत आलेली, आई ट्रंक धरून बसलेली, आणि हे काठी टेकत खाली उतरले. कशासाठी? तर एका गॅरेजसमोर लांब नाकाचा एक जुना ट्रक उभा होता. लढाईतला, मिलिटरीनं डिस्पोजलमध्ये काढलेला. त्याच्या नाकावरून हात फिरवून आबा परत आले नि म्हणाले, "अजून जित्तं हाय की गं!" आई कडाडली, "पोरगी सातासमुद्रापार निघाली, आन् तुमाला लोखंड दिसतंय व्हय!" टांगेवाला हसला. मलाही हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं.

आबा म्हणजे माझे वडील. ते रोडरोलर चालवायचे. हल्लीचा डिझेलचा नव्हे, वाफेचा. पुढं उंच धुराडं, मध्ये आडवा बॉयलर, खाली भट्टी आणि मागं पाण्याची टाकी. खेड्यातली माणसं त्याला रोलर म्हणत नसत, इंजान म्हणत. ते इंजान माणसाच्या चालीनं चालायचं, त्यामुळं रस्त्यावरची यच्चयावत वाहनं मागून येऊन आबांच्या पुढं निघून जायची. त्यांना वाहनांचं वेड लागलं ते असं. कुठल्याशा संस्थानिकाची उघडी मोटार, डॉक्टरची साईडकारवाली फटफटी, दाराला दोरी बांधलेली लग्नाची जुनी बस, सगळी त्यांच्या ओळखीची. संध्याकाळी घरी आले की आज कोण भेटलं ते सांगायचे, आणि ते माणसाबद्दल बोलत नाहीयेत हे आम्हाला ठाऊक असायचं.

प्लॅटफॉर्मवर आई रडत होती. आबांनी रडायचं टाळलं. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, "सुमे, विलायतेला चाललीस. तितं आपल्या इंजनाचं म्हायेर हाय. बघ त्याचं कोण दिसतंय का." रोलरच्या अंगावर पितळी पाटी होती आणि तीवर विलायतेतल्या गावाचं नाव कोरलेलं. आबांना वाचता येत नव्हतं, पण ती पाटी ते रोज पुसायचे. मी हो म्हटलं. तेव्हा त्यांच्या हातात ना रोलर होता ना नोकरी. पायांच्या जखमाही पुरत्या भरल्या नव्हत्या.

मी नर्सिंग करून इथं आले. मधल्या इंग्लंडातलं एक छोटं गाव, मोठं हॉस्पिटल आणि बारा महिने ओला असणारा फुटपाथ. पहिल्या हिवाळ्यात वाटलं, झक मारली नि आले. बोलायला माणूस नाही. मग मी आबांचा धंदा सुरू केला. शिफ्ट संपली की बसस्टॉपवर उभी राहून वाहनं बघायची आणि घरी कळवायची. दूध घालायला येते ती गाडी विजेवर चालते, आबा, मांजरासारखी येते, फक्त बाटल्या वाजतात. प्रेत न्यायला काळीभोर लांब मोटार असते, आणि तिला वाट द्यायला सगळी रहदारी मुकाट थांबते. एक निळी गाडी आहे, तीन चाकांची, आत एकच माणूस मावतो. ज्याचे पाय गेले त्याला ती सरकार देतं. हे शेवटचं लिहिलं आणि कागद फाडून टाकला. पाय गेलेल्या माणसाला सरकार गाडी देतं हे माझ्या बापाला कुठल्या तोंडानं सांगू?

आता पायांचं सांगते. माझ्यासारखे जे निघाले त्यांना आपण का निघालो ते विसरायची घाई असते, आणि जे मागं राहिले त्यांना तर आठवायचंच नसतं. म्हणून सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात आबांचा रोलर वैरागच्या बाजूला दुष्काळी कामावर होता. माझी सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्याकडं जाऊन राहिले होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका खडी फोडत बसलेल्या. डोक्यावर पदर, पदराखाली फडकं, हाताला चिंध्या बांधलेल्या. प्यायचं पाणी लांबच्या विहिरीवरून यायचं आणि विहिरीनं तळ दाखवलेला. बॉयलरसाठी मात्र टँकर यायचा. वाफेचं इंजान, ते पाणी पिणारच. इकडं माणसांचे ओठ फुटलेले आणि तिकडं टाकीत पाणी डुचमळतंय. आबा तिच्याकडं पाठ करून भाकरी खायचे.

गोदाबाई नावाची एक बाई होती. चांगल्या शेतीवाडीच्या घरची, आयुष्यात पहिल्यांदा हातोडी धरलेली. तिचं तान्हं बाळ लिंबाखाली झोळीत असायचं. एका दुपारी ते रडायचं थांबलं. मी जाऊन बघितलं तर अंग तापलेलं, जीभ कोरडी, टाळू खाली गेलेली. मी ओरडले, "आबा, पाणी!" आबांनी तांब्या टाकीत बुडवला आणि धावत आले. मुकादम म्हणाला, "ते इंजनाचं हाय! इंजान थांबलं तर?" आबा म्हणाले, "इंजनाला तान लागली तर ते थांबतंय. लेकरू मरतंय."

आणि गोदाबाईनं काय करावं? बाळाला पोटाशी धरून ती दोन पावलं मागं सरली. म्हणाली, "तुमच्या हातानं नगा दिऊ. इंजनाचा नळ सोडा, मी धरते वंजळ."

आम्ही बौद्ध. धम्म घेतल्याला पुष्कळ वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आबांनी मात्र तांब्यातलं पाणी टाकीत परत ओतलं, टाकीचा नळ सोडला आणि बाजूला तोंड करून उभे राहिले. तिनं ओंजळीनं बाळाला पाजलं, त्याचं डोकं भिजवलं आणि मग स्वतः प्याली. पाणी तेच, नळ सोडणारा हात तोच! पण नळाचं चालत होतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची सुट्टी झाली की बायकांची रांगच लागायला लागली. बाळ वाचलं. आबा रात्री हसून म्हणाले, "इंजान कुटल्या जातीचं ते इचारायचं ऱ्हायलं बघ त्यांचं." मला नाही हसू आलं.

पुढं टँकर लांबायला लागला. एके दिवशी तो आलाच नाही. बॉयलरला पाण्याची काच असते, तिच्यात पाणी किती खाली गेलं ते दिसतं. आबांनी काच बघितली आणि भट्टी विझवतो म्हणाले. मुकादम ऐकेना. संध्याकाळी साहेब येणार होते, पुलापर्यंत रस्ता दाबून झालाच पाहिजे म्हणाला. पुलाकडं उतार होता. उतारावर आतलं पाणी पुढं सरलं, भट्टीचा माथा कोरडा पडला, आणि तिथं शिशाचं एक बूच असतं ते वितळलं. ते वितळायलाच ठेवलेलं असतं, नाहीतर बॉयलर फुटेल. त्या भोकातून वाफ भट्टीत उतरली आणि निखाऱ्यांसकट भट्टीच्या दारातून आबांच्या पायांवर आली. त्यांचा तो आवाज मी नर्स असूनसुद्धा अजून सांगू शकत नाही.

चौकशी तिथंच झाली, त्याच लिंबाखाली. साहेब खुर्चीवर बसलेले आणि आबा जमिनीवर, पाय केळीच्या पानावर ठेवून. साहेबांनी सरळ विचारलं, "आदल्या टँकरचं पाणी आज पुरायला हवं होतं. कुठं गेलं?"

"मानसानी पिलं, सायेब."

साहेब बायकांकडं वळले. "याच्याकडचं पाणी तुम्ही प्यालात?"

कुणी बोलेना. हो म्हणायचं म्हणजे चारचौघांत कबूल करायचं, आम्ही याच्याकडचं प्यालो. नळ, ओंजळ, इंजान ह्या सगळ्या पळवाटा प्रश्न विचारला जाईपर्यंतच होत्या. मी गोदाबाईकडं बघत होते. तिनं पदर पुढं ओढला आणि बाळाच्या अंगावरच्या माश्या हाकलत बसली. बाळ चांगलं हातपाय झाडत होतं.

मुकादमानं संधी साधली. "सायेब, ही समदी घरंदाज मानसं हायती. ह्याच्या हातचं पितील व्हय? इकलं आसंल कुटंतरी." साहेबांनी मान डोलवली. त्यांनाही ते पटलं, कारण साहेबही त्याच समाजात वाढलेले. मी पुढं होऊन ओरडले की मी डोळ्यांनी बघितलंय, या सगळ्या प्याल्यात. साहेब म्हणाले, "तू त्याची मुलगी ना?" संपलं. सरकारी पाणी विकून इंजिन बिघडवलं असं ठरलं आणि आबांची नोकरी गेली. रोलरला नवं बूच बसलं, नवा ड्रायव्हर आला, आणि त्याच बायका त्याच रस्त्यावर परत खडी फोडायला बसल्या.

बैलगाडीतून परत येताना मी आबांना म्हटलं, "एकीला तरी तोंड उघडता आलं नसतं?" आबा म्हणाले, "त्यास्नी गावात ऱ्हायाचं हाय, पोरी." मी म्हटलं, "मग आपल्याला कुठं राहायचं होतं?" घर चालवायला आई विड्या वळायला लागली. आबा दारात बसून रस्त्यावरची वाहनं बघायचे, पण आता मोठ्यानं काही सांगायचे नाहीत. गल्लीतली दोन पोरं एकदा त्यांना "पाणीचोर" म्हणाली. त्याच आठवड्यात मी विलायतेचा अर्ज केला.

इथं दुसऱ्या उन्हाळ्यात मला तो दिसला. लेट शिफ्टला निघाले होते आणि बस पुढं सरकेना. सगळे वाकून बघायला लागले तर पुढं, भर रस्त्यात, धूर सोडत आबांचा रोलर! हिरवा रंग, लखलखीत पितळ, तेच धुराडं. मागं मोटारींची ही एवढी रांग, आणि कुणी चिडत नव्हतं, पोरं हात हलवत होती. मी शिफ्टची पर्वा न करता उतरले. पुढं एका पबसमोर तो थांबला होता. मालक पांढऱ्या मिशांचा गोरा, हौशीखातर रोलर पाळलेला. त्यानं बागेचा पाइप टाकीत सोडला आणि मित्राशी गप्पा मारत बसला. टाकी भरली, पाणी वाहायला लागलं, गटारात निघालं. मी शुद्ध मराठीत ओरडले, "अहो, बंद करा की!" त्याला वाटलं मी कौतुक करतेय.

त्यानं बॉयलरच्याच गरम पाण्यात चहा केला आणि मग माझ्या हातात दिला. विचारलंसुद्धा नाही मी कोण, कुठली. मी त्याला विचारलं, लेड प्लग, म्हणजे ते शिशाचं बूच, वितळलं तर? तो हसला. म्हणाला, वितळतो कधीकधी, नवा बसवायचा, अर्ध्या दिवसाचं काम. अर्ध्या दिवसाचं काम! मी तो चहा कसाबसा संपवला. हॉस्पिटलात उशिरा पोचल्याबद्दल सिस्टरची बोलणी खाल्ली आणि शिफ्टभर बेडपॅन धूत राहिले.

आबांना एवढंच कळवलं की इंजनाच्या माहेरचं माणूस भेटलं, सुखात आहे. धाकट्या भावाकडून लिहवलेलं त्यांचं उत्तर आलं. त्यांनी फक्त विचारलं होतं की पाटी पुसतात का. मी लिहिलं, पुसतात. ते पोचायच्या आत आबा गेले. जखमा चिघळल्या होत्या आणि मला कुणी कळवलं नव्हतं. जायला ना रजा होती ना जवळ तेवढे पैसे. मी इथल्या खोलीत एकटी बसून रडले, आणि रडताना लाजिरवाणी गोष्ट म्हणजे खिडकीतून दुधाची गाडी गेली ती मी बघितली.

आबांच्या माघारी महिन्याभरानं आमच्या दारात गोदाबाई आली. आश्विनातल्या भर उन्हात वैरागहून, कडेवर ते पोर घेऊन. पोर आता चांगलं धावायला लागलं होतं. ती उंबऱ्याच्या बाहेर बसली आणि आईजवळ धाय मोकलून रडली. म्हणाली, "माझ्या लेकराचा जीव वाचिवला त्यानी. तवा बोलाया पायजे व्हतं. माझं त्वांड शिवलं व्हतं गं." आई माझी भोळी. तिचेही डोळे भरले. ती म्हणाली, "आलीस ह्यात समदं आलं, बाई." मग आत जाऊन तिनं माठातलं पाणी आणलं.

गोदाबाईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "नगं बाई. तान न्हाय मला."

पोरानं पाण्याकडं हात केला होता. तिनं तो खाली घेतला. थोडा वेळ बसून ती गेली, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी म्युनिसिपालटीचा नळ आहे तिथं थांबली. आधी पोराला पाजलं, मग स्वतः घटाघटा प्याली. भाऊ तिथंच उभा होता, त्यानं पाहिलं आणि मला पत्रात लिहिलं. आईला त्यानं ते अजून सांगितलेलं नाही. आई शेजारीपाजारी सांगत फिरते की त्या बाईनं माझ्या मालकाचं नाव धुऊन काढलं.

वॉर्डातल्या बायका मला विचारतात, घरी कधी जाणार? इथं कुणी माझ्या हातचं पाणी नाकारत नाही. ताप आलेले म्हातारे गोरे माझं मनगट धरून पितात. शहाण्या माणसानं इथंच राहावं. पण मी जाणार आहे. ज्या दारात माझ्या आईच्या हातचं पाणी परत गेलं, त्या दारात जाऊन मी राहणार आहे. तेच माझं घर आहे. दुसरं नाही मला.