रत्नम्माच्या टॉवेलातली लाल गाठ

वळसंगची रत्नम्मा गेली सव्वीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल तपासायला जाते. मागावरनं उतरलेला टॉवेल उजेडाकडं धरायचा, चारी कोपरे बोटांनी चाचपायचे, घडी मारायची. चांगला ह्या बाजूला, धागा सुटलेला त्या बाजूला. हात चालू, तोंडही चालू. सुट्टी झाली की गेटवर वॉचमन ईरप्पा बायकांच्या पिशव्या बघतो. बाकीच्या कुरकुरतात. रत्नम्मा आपणहून पिशवी उलटी करून झटकते. डबा पडतो, पानाची चंची पडते. कारखान्याचा एक दोरा कधी पडलेला नाही, आणि ह्या गोष्टीचा तिला जो माज आहे तो बागायतदारालाही नसेल.

अशा बाईला जावयानं समुद्र दाखवायला न्यायचं काढलं. जावई महेश्वर, सोलापुरात मोबाइलचं दुकान.

"मामी, सगळं पॅकेजात हाय. खाणं, पिणं, समुद्र. तुमी निस्तं बसायचं."

लेक शिवलीला म्हणाली, "अव्वा, संगट कायबी घेऊ नगो. टॉवेलसुदिक हाटेलवालंच देत्यात."

रत्नम्मा "बरं" म्हणाली, आणि पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि आपला पांढरा टॉवेल कोंबला. टॉवेल बनवणाऱ्या बाईनं दुसऱ्याच्या टॉवेलानं अंग पुसायचं, हे तिला काही पटेना.

तो टॉवेल कारखान्यातलाच, पण हक्काचा. सेकंड माल, म्हणजे धागा सुटलेला, वेगळा काढला की तपासणारीनं त्याच्या कोपऱ्यातल्या शिवणीत लाल दोऱ्याची गाठ खुपसायची, म्हणजे तो चांगल्या मालात मिसळत नाही. दसऱ्याला कामगारांना त्यातले दोन-दोन मिळतात. गाठ बाहेरनं दिसत नाही. चाचपलं तर बोटाला लागते, पण दिसते ती शिवण उसवली तरच.

कोकणातलं ते हॉटेल फोटोत लई देखणं होतं. गेल्या गेल्या तिघांच्या मनगटाला प्लास्टिकचे पट्टे बांधले.

"बाळंतिणीला दवाखान्यात बांधत्यात तसं," रत्नम्मा म्हणाली. "आता पोरगं कुटं हाय ते तेवढं दावा."

खोलीतनं समुद्र दिसतो म्हणाले होते. दिसत होता, पण न्हाणीतल्या बादलीवर उभं राहिलं तर. पोहायच्या टाकीत पाणी नव्हतं, तळाला झाडू पडला होता. जेवण साडेसातला मांडायचे आणि आठला भांडी खरवडायचे. रस्सा असा, की हळद घातलेलं पाणी बरं. दुसऱ्या दिवशी जेवताना महेश्वर गुपचूप सासूकडं सरकला आणि म्हणाला, "मामी, चटणी हाय का जरा?" चौघांच्या टेबलावर तिघं कडक भाकरी कडाकडा मोडत बसले, आणि शेजारच्या टेबलावरचं पुण्याचं जोडपं वास घेत बघत राहिलं.

खोलीत तिघांना टॉवेल दोनच. शिवलीलानं फोन केला. "पाच मिनिटांत पाठवतो मॅडम." सकाळी पाच मिनिटं, दुपारी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशीही पाच मिनिटं. रत्नम्मानं आपलाच टॉवेल वापरला, पण त्या दमट हवेत तो वाळेना. समुद्रात उतरायचं म्हटलं तर अंग कोरडं करायला काही हवं ना? म्हणून तिचं समुद्रस्नान टॉवेलावर अडलं. काठावर उभी राहून पावलं भिजवली, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी निघायची वेळ. गाडी दारात. रत्नम्माच्या पिशवीच्या तोंडाशी ओला टॉवेल पसरलेला. काउंटरवर माणसांची गर्दी, आणि मॅनेजर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दोनशे चार? तुमच्या रूमला तीन टॉवेल दिलेत. दोनच परत आलेत. आणि हा पिशवीत कसा काय?"

सगळी गर्दी वळली. पुण्याचं जोडपंही वळलं.

महेश्वरचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "मामी, जाऊ द्या. मी भरपाई देतो. मिटवू."

"जावयबापू, तुमी भरलं की मी चोर झाले," रत्नम्मा म्हणाली. आवाज मुद्दाम मोठा. "सव्वीस वर्सं गेटवर पिशवी झटकतीया मी. हितं झाकून न्यायची न्हाय."

तिनं टॉवेल उचलला, काउंटरवर आपटला.

"ह्यो माझा. तुमचा हाय म्हणताय तर खूण सांगा."

"सगळे सारखेच असतात मॅडम, पांढरे."

"असं? मग आणा की तुमचा ढीग."

मॅनेजर हसला. पुण्याची बाई मात्र म्हणाली, "आणाच." मग काय करतो! झाडलोट करणारी बाई मजल्यावरचे सगळे टॉवेल मिठीत घेऊन आली.

रत्नम्मानं पदर खोचला. मोठ्या टेबलावर ढीग लावला आणि हात चालू केला. कोपरा, कोपरा, कोपरा, कोपरा, घडी, पुढचा. बघणाऱ्यांना टॉवेल दिसेना, नुसता पांढरा फेर दिसला. मधेच एखादा बाजूला फेकी, "ह्याचा धागा गेलाय, पावण्याला देऊ नगा." तोंडही चालूच. "ह्यो माल आमच्याकडचाच दिसतुया. पण चांगला हाय, म्हणून गाठ न्हाय. माझा बगा." तिनं दातानं आपल्या टॉवेलाची कोपऱ्यातली शिवण उसवली. आतनं लाल दोऱ्याची गाठ बाहेर आली. "दोऱ्याचं तीन येढं. ही माझीच. दुसरी बाई दोन घालती."

मॅनेजर गाठीकडं बघत असतानाच ढिगातनं एक टॉवेल निघाला. घडी न मोडलेला. टाचणीनं चिठ्ठी लावलेली. रत्नम्मानं तो शिवलीलापुढं धरला. "वाच गं."

"दोनशे चार. एक टॉवेल. पाठवायचा."

आधी झाडलोटवाली हसली, मग सगळी गर्दी. मॅनेजर कानापर्यंत लाल झाला. "सॉरी मॅडम. चूक झाली. तुम्ही आणखी दोन दिवस राहा, आमच्याकडनं."

"तुमच्या रश्श्यासाठी? नगो रं बाबा."

"मग काय करू मी, सांगा."

"माझा तिसरा टॉवेल द्या."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. रत्नम्मा चिठ्ठीचा टॉवेल खांद्यावर टाकून सरळ समुद्राकडं निघाली, मागनं शिवलीला "अव्वा, गाडी!" करत. लुगड्यासकट ती कमरेइतक्या पाण्यात गेली. पहिल्या लाटेनं बसवली, दुसरीत उठली, तिसरीला शिवी दिली. अर्धा तास पाण्यात राहिली. मग त्या कोरड्याठाक टॉवेलानं डोकं पुसलं, हात-पाय पुसले, वाळू झटकली, आणि ओल्या लुगड्यानिशी टपटपत काउंटरवर आली.

कारखान्याची घडी घालून टॉवेल मॅनेजरसमोर ठेवला.

"घ्या. आता तीन झालं. सगळ्यांदेखत मोजा."

त्यानं मोजलं.

सोमवारी संध्याकाळी एमआयडीसीच्या गेटवर ईरप्पानं तिला थांबवलंच नाही. काउंटरवरच्या तपासणीचा शिवलीलानं मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ वळसंगपासून गेटपर्यंत आधीच पोचला होता. "तुमची पिशवी नगो अक्का, आता तुमाला काय बगायचं!"

"का नगो?" रत्नम्मा त्याच्यावरच खेकसली. पिशवी उलटी केली, झटकली. डबा पडला, चंची पडली, आणि थोडी समुद्राची वाळू.