खाली कोणी नव्हतं

माझं शेवटचं पोस्टिंग खडकीला होतं. मी सुभेदार होतो. आमच्या इंजिनिअर युनिटचं स्टोअर यार्ड माझ्याकडे होतं. तात्पुरते पूल टाकायची लोखंडी पॅनेल्स तिथे रचून ठेवलेली असत. पुण्यात पोस्टिंग म्हटलं की लोक हेवा करतात. त्यांनी मे महिन्यात त्या यार्डात एकदा यायला हवं होतं. ऊन चढलं की पॅनेलला उघडा हात लागला तर कातडी भाजायची.

म्हणून उन्हाळ्यात आम्ही उजाडताच कामाला लागायचो आणि अकराला थांबायचो. क्रेनवर नाईक मिलिंद सोनवणे असायचा. विश्रांतवाडीचा, वय एकतीस. डबा घरून यायचा, त्यावरून सगळे त्याला चिडवत आणि डबाही तेच संपवत.

त्या दिवशी पॅनेल्स न्यायला येणाऱ्या ट्रेलरचा टायर वाटेत फुटला. तो उशिरा आला आणि काम संपायच्या आतच अकरा वाजून गेले. उरलेलं उद्या करायचं का, असं कॅप्टन साहेबांनी विचारलं. मिलिंदच म्हणाला, चारच पॅनेल्स आहेत, उरकून टाकू. केबिनमधला पंखा सकाळीच बंद पडला होता, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. ते आम्हाला चौकशीत कळलं.

तीन पॅनेल्स चढली. चौथं ट्रेलरच्या शेजारी आलं आणि हवेतच थांबलं. वारा नव्हता. शेडचे पत्रे तेवढे तापून कडकडत होते. मी वॉकीटॉकीवर बोललो.

"क्रेन, लोड पुढे घे. ओव्हर."

"नाही घेता येत साहेब. खाली माणसं उभी आहेत."

पॅनेलखाली सिमेंटची मोकळी जमीन होती. तिच्यावर पॅनेलची सावली पडली होती. बाकी काही नव्हतं.

"खाली कोणी नाही. ओव्हर."

"आहेत. एक सेक्शन असेल, दहाएक जण. सगळे भिजलेत साहेब, थंडीनं कुडकुडतायत."

आवाज शांत होता. तोच मला खटकला. मी केबिनच्या काचेकडे पाहिलं. सकाळपासून घामाने निथळणारा त्याचा चेहरा आता पार कोरडा दिसत होता. त्याला उष्माघात झाला होता.

ट्रेलरवर दोन जवान होते. ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला रचलेल्या पॅनेल्सची रास होती, खाली उतरायचं तर त्यांना टांगलेल्या पॅनेलखालूनच यावं लागणार होतं. मिलिंदचा हात लिव्हरवर होता. कोणी केबिनमध्ये चढून त्याला ओढलं असतं आणि लिव्हर हलला असता, तर पॅनेल त्या दोघांवर गेलं असतं. मी कॅप्टन साहेबांना सांगून अॅम्ब्युलन्स मागवली. मिलिंदला म्हणालो, "ठीक आहे. मी माणसं हलवतो. तू लोड जमिनीवर घे."

मी त्या सावलीच्या कडेला जाऊन उभा राहिलो. परेड ग्राउंडवर देतो तशी ऑर्डर दिली.

"सेक्शन, सावधान. दाहिने मुड. तेज चल."

माझ्यामागे सात-आठ जण उभे होते. कोणी हसलं नाही. ट्रेलरवरचा एक जवान मात्र मी हात केला त्या दिशेने हळूहळू मान वळवत गेला. कोणीतरी समोरून चालत जात असावं आणि त्याने बघत राहावं, तसा. एवढ्या उन्हात मला पाठीला गार लागलं.

"गेले का? ओव्हर."

सेट खरखरला. तो म्हणाला, "गेले. एक राहिलाय."

"कोण?"

"तुम्ही साहेब. मागे व्हा."

मी मागे झालो. पॅनेल खाली आलं. कपाटात काचेचं भांडं ठेवावं तसं त्याने ते जमिनीवर टेकवलं, आवाजही झाला नाही. मग सेटवरून तो म्हणाला की पांघरायला काहीतरी पाठवा. त्यानंतर काही बोलला नाही.

आम्ही केबिनमध्ये चढलो तेव्हा त्याची बोटं लिव्हरवरून सोडवावी लागली. अंग तव्यासारखं तापलं होतं. सावलीत आणून पाणी ओतलं, काखेत बर्फ धरला. अॅम्ब्युलन्स लगेच आली. तो शुद्धीवर आला नाही. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये वारला.

विश्रांतवाडीला मीच गेलो. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. खाली त्याचे वडील बसले होते. तेही कारखान्यात क्रेन चालवूनच निवृत्त झाले होते. मी घडलं ते सगळं सांगितलं. ती माणसं कोण होती, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "लोड नीट उतरला का, साहेब?"

"नीट उतरला."

"कोणाला लागलं?"

"कोणालाच नाही."

त्यांनी मान हलवली आणि आत सुनेला हाक मारून सांगितलं, "अगं, ऐकलंस का, कोणाला लागलं नाही."

ट्रेलरवरचे ते दोन जवान आज दुसऱ्या युनिटमध्ये आहेत. एकाला मुलगी झाली तेव्हा त्याचा फोन आला होता. आम्ही दोघं हवापाण्याचं बोललो. फोन ठेवण्याआधी त्याने मिलिंदचं नाव घेतलं, रँकसकट, पूर्ण. मीही घेतलं.

नाईक मिलिंद सोनवणे.