बशीत वाजलेली गाठ

दवाखान्यात चार वर्षं कंपाउंडरकी केली की औषधांची नावं विसरतात, माणसं मात्र चिकटून राहतात! लढाईच्या दिवसांत मी नगरला एका डॉक्टरांकडे होतो. गाठी काढण्यात त्यांचा हातखंडा.

*

चामखिळीला घोड्याचा केस बांधायचा, हा आमच्याकडचा घरगुती उपाय. आत चाकू दिसला की निम्मे पेशंट पुन्हा त्याच उपायाकडे वळत. एकदा दारातला टांगेवाला तणतणत आला. "डॉक्टर, तुमची मानसं आवरा! घोड्याची शेपटी निम्मी ऱ्हायली!"

*

काढलेली गाठ तपासणीला पुण्याला जाई. हे ऐकून राहुरीचे एक शेतकरी हिरमुसले. "मी अजून पुनं बघितलं न्हाई, आन् ही चालली!"

*

शिंगणापूरचे एक आजोबा पाठीवरची गाठ घेऊन आले. डॉक्टर मला म्हणाले, "दार लावून घे." आजोबा टेबलावर उठूनच बसले. "दार नगं! आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, माजा जीव घुसमटतो."

उघड्या दारात ऑपरेशन झालं. रस्त्यावरचे दहाजण सूचना देत होते आणि आजोबा पालथे पडून त्यांना उत्तरं!

*

गंगूची गोष्ट मात्र वेगळी. तिच्या गालावर खड्यासारखी टणक गाठ होती. लग्न ठरलेलं, पण होणाऱ्या सासूचा निरोप आला होता, वाईट रोग असेल तर सोयरीक मोडली. खात्री करायला बाई स्वतः आल्या.

डॉक्टरांनी समजावलं, "क्वचित दिसते ही गाठ. लहानांना होते, मोठ्यांनाही. आत चुना साठतो, म्हणून कडक लागते. धोका नाही."

गाठ काढून बशीत टाकली. टक्क वाजली! गंगूचे वडील हात जोडून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

सासूबाईंनी ती नखानं ठोकून पाहिली. "दुसऱ्याला लागती का?"

"नाही."

बाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. कानामागे तशीच एक गाठ होती.

"ही बी तसलीच हाय का बघा. ईस वरसं झाली. मालकास्नीसुदीक दावली न्हाई."

डॉक्टरांनी चाचपली. "तसलीच वाटते."

बाई टेबलावर चढल्या. "मग काढा. आन् सूनबाईला हितंच हुबी ऱ्हाऊ द्या. मला लई भ्या वाटतंया."