दादा अबोल नव्हता

महिना होत आला. दुपारी परभणीहून पुतण्याचा फोन आला, "आत्या, दादा गेले. बसल्या बसल्याच गेले." माझ्या थोरल्या भावाला त्याची मुलंही दादाच म्हणत. मी विचारलं, "शेवटी काही बोलला का रे?" तो म्हणाला, "ते कधी बोलायचे, आत्या?"

मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. जो तो म्हणत होता, मोठा शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुःखाच्या घरात वाद नको म्हणून मी गप्प राहिले. पण आता लिहायला हवं. माझा भाऊ शांत नव्हता. त्याला गप्प केलं होतं, आणि ते काम आमच्याच घरानं केलं होतं.

आमचं खेडं पालमजवळचं. निजामाचं राज्य होतं, लढाईची वर्षं होती. दादा नऊ-दहा वर्षांचा असेल, मी त्याच्या पाठची. त्याचं नाव महालिंग, पण आबा, म्हणजे आमचे वडील, त्याला ‘भोंगा’ म्हणत. कारण तो सारखा बोलायचा. कालवडीशी बोलायचा, चुलीतल्या जाळाशी बोलायचा, आणि सगळं खरं वाटावं असं हात हलवून हलवून सांगायचा. घरात त्याला कुणी ऐकून घेत नसे. आबा म्हणत, "गप बस." माय म्हणायची, "डोस्कं उठवलंस माझं." त्याचं त्याला वाईट वाटायचं नाही, तो उठून दुसरीकडे जाऊन बोलायचा.

त्या साली लेव्हीची ज्वारी गोळा करायला गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, आला. पिकलेल्यातला ठरलेला वाटा सरकारला घालावा लागे, आणि तो घातला तर वर्षभर खायचं काय हा प्रश्न राही. म्हणून आबांनी थोडी ज्वारी अंगणातल्या पेवात, जमिनीखालच्या खड्ड्यात, दडवून वर कडब्याची गंज रचली होती. गिरदावर चावडीत मुक्कामाला होता. गोड बोलणारा माणूस. दादा दारात घुटमळला तर त्यानं त्याला आत बोलावलं, शेजारी बसवलं आणि विचारलं, "बोल बाळ, काय सांगतोस?" असं दादाला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. तो रोज जायला लागला. परत आला की तोंडावर नुसता उजेड. मला म्हणायचा, "ते मधीच थांबवत न्हाईत गं. समदं आइकून घेतात..."

एक दिवस शिपाई आले आणि त्यांनी सरळ कडब्याची गंज ओढली.

आबांना चावडीपुढे उन्हात ओणवं केलं, पाठीवर दगड ठेवला. सारं गाव पाहत होतं. गिरदावर बाहेर आला, त्यानं दादाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, "शाबास! पाटील, तुमचं पोरगं लय गुणाचं हाय. कायबी लपवत न्हाई." आबांनी मान वर करून दादाकडे पाहिलं. पाठीवरचा दगड घसरून पडला. शिपायानं तो उचलून पुन्हा ठेवला.

आबांनी दादाला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो घरात आला की सगळ्यांचं बोलणं थांबायचं. पाहुणा आला की आबा हसून ओळख करून द्यायचे, "हे आमचे सरकारी माणूस. जपून बोला." माय भाकर वाढायची ती तोंड फिरवून. त्या वर्षी भाकरीही पुरत नव्हत्या. मायचं दूध आटलं आणि आमची तान्ही बहीण गंगू गेली. आमच्यात पुरतात. खड्ड्याशी आबा माती लोटता लोटता थांबले आणि दादाकडे वळले. "बोल की आता," ते म्हणाले. "काय सांगायचं ते हिला सांग." दादानं तोंड उघडलं... आवाज आला नाही. त्यानंतर तो कामापुरतं बोलला, जेवढ्यास तेवढं.

निजामाचं राज्य गेलं. काही वर्षांनी आबाही गेले; दादानं त्यांचं सगळं केलं, पण दोघं एकमेकांशी बोलल्याचं मला आठवत नाही. पुढं माय थकली तेव्हा एकदा माझ्याजवळ म्हणाली, "पेव बसाप्पानं दाखवलं होतं." बसाप्पा म्हणजे आबांचा चुलतभाऊ. गिरदावराला आधीच ठाऊक होतं. खरा माणूस झाकायला त्यानं पोराचं नाव पुढं केलं. मी विचारलं, "आबांना कधी कळलं?" माय म्हणाली, "त्याच हप्त्यात. पण बसाप्पाशी भांडून कसं जमावं? हीर सामाईक होती." विहिरीच्या पाण्यासाठी त्यांनी पोरगं दिलं होतं...

मी धावत दादाकडे गेले. वाटलं, आता ओझं उतरेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खाली पाहत म्हणाला, "पन मी बी सांगितलंच होतं की."

परवा वैनीला भेटायला गेले. न राहवून विचारलं, "वैनी, तुझ्याशी तरी तो बोलायचा का गं?"

"बोलायचे की," ती म्हणाली. "लय बोलायचे."

मग तिनं सांगितलं. लग्नानंतर एकदा ती भिंतीकडे तोंड करून ज्वारी निवडत बसली होती. दादा मागून आला, तिच्या पाठीला पाठ लावून बसला आणि बोलायला लागला. रानातलं, बैलांचं, एका कालवडीचं. ती हरखून मागं वळली, तर तो उठून गेला आणि महिनाभर तिच्याशीही बोलला नाही. तेव्हापासून ती रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि कधी वळली नाही.

"बोलताना त्यांचं तोंड कसं दिसायचं, त्ये मला ठाव न्हाई," वैनी म्हणाली.

मग तिनं सूप घेतलं, खोलीच्या मधोमध भिंतीकडे तोंड करून बसली आणि निवडायला लागली. तिला सोबत म्हणून मी मागं जाऊन टेकणार, एवढ्यात मान न वळवताच ती म्हणाली, "तिथं नका बसू, वन्सं."